किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या?

(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने समाजातील कुटुंबांसाठी स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याचा ठराव संमत केला आहे. कुटुंबपरिचय, वधूवर-सूचना, विद्यार्थी-साहाय्य, व्यवसायबंधूंची सूची, सुखदुःखाच्या वार्ता, आणि परगावी व परदेशी गेलेल्या मंडळींस परस्परांशी बोलता येईल अशी एक हक्काची जागा, एवढे सर्व त्यात असावे अशी अपेक्षा आहे. हे काम घडविणारा डेव्हलपर आणि ते पुढे चालविणारा व्यवस्थापक, ज्यास आपली मुले ॲडमिन म्हणतात, या दोघांच्या निवडीसाठी लवकरच मुलाखती व्हावयाच्या आहेत. त्या मुलाखतींत काय विचारावे याविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली. एका शिक्षणसंस्थेसाठी आणि एका वाचनालयासाठी अशा मुलाखती घेण्यास मी बसलो आहे, एवढाच माझा अधिकार. विषय रूक्ष आहे. भोजनोत्तर सभेत तर अधिकच. तथापि ज्या यादीत आपल्या घरातील उपवर मुलीचे नाव, वय, छायाचित्र आणि राहण्याचा पत्ता लिहिला जाणार, ती यादी कोणाच्या कपाटात राहणार, हा प्रश्न रूक्ष म्हणून बाजूस सारता येण्याजोगा नव्हे.

अशा याद्या राखणे ही आपल्या नाशिकास नवलाची गोष्ट नाही. रामकुंडाच्या परिसरातील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू आला की उपाध्याय त्यास गाव, आडनाव, ज्ञाति विचारतात, तेवढ्यावरून नेमकी वही काढतात, आणि त्याचे आजोबा-पणजोबा केव्हा व कोणासह आले होते ते त्यांच्याच हस्ताक्षरात दाखवितात. मग तो यात्रेकरू आपल्या मुलानातवंडांची नावे त्याखाली लिहून जातो. आपल्यापैकी कित्येकांनी असे आपले पूर्वज त्या पानांवर पाहिले असतील. या व्यवस्थेचे मर्म कागदात किंवा शाईत नाही. कोणत्या गावची वही कोणाकडे हे ठरलेले असते. ज्या कुळाचे पान त्या कुळापुढेच ते उघडते. आणि वही बापाकडून मुलाकडे जाते तेव्हा ती कोणाकडे गेली हेही चार माणसांस ठाऊक असते. संगणकावरील यादीस यांपैकी एकही गुण आपोआप येत नाही. तो आणावा लागतो, आणि तो आणणारा माणूस निवडणे हेच मुलाखतीचे काम.

कोणी विचारील की, व्हॉट्सॲपचा गट असताना हा खटाटोप हवाच कशाला? एका गटात १०२४ माणसांहून अधिक मावत नाहीत, हे एक. गेल्या दिवाळीत कोणी काय कळविले ते यंदाच्या दिवाळीत सापडत नाही, हे दुसरे. सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली ते केव्हाच गाडले गेलेले असते. आणि तिसरे असे की, परक्याच्या ओसरीवर बैठक मांडली की ओसरी केव्हा बंद होईल याचा नेम नसतो. ऑर्कुट या स्थळावर आपल्याकडील तरुण मंडळींनी केवढाले समूह जमविले होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते स्थळ बंद केले. याहूचे गट १५ डिसेंबर २०२० रोजी संपले. उलटपक्षी अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली सुरू केलेले ‘मायबोली’ हे मराठी मंडळींचे स्थळ आजही नांदते आहे. तो काळ असा की, सर्वसाधारण संगणकांवर देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० या प्रणालीबरोबर आली, त्याच्याही आधीचा. तंत्र कितीदा तरी पालटले, स्थळ टिकले. तेथील व्यवस्थापकास ‘वेबमास्तर’ म्हणतात. हे नाव मला फार आवडते. शाळामास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर हे सारे लोकांची चीजवस्तू किंवा लोकांची मुले काही काळ सांभाळून सुखरूप परत करणारे लोक!

आता मूळ विषयाकडे वळतो. मुलाखतीस बसण्यापूर्वी समितीने एक भेद मनाशी पक्का करावा. वाडा बांधणारा गवंडी आणि वाड्याचा कारभार पाहणारा दिवाणजी ही माणसे वेगळी, त्यांची विद्या वेगळी आणि त्यांची पारखही वेगळी. डेव्हलपर हा गवंडी होय. ॲडमिन हा दिवाणजी. खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ संस्था ही दोन्ही कामे एकाच तरुणाच्या गळ्यात बांधतात. तो तरुण हुशार असला तर काही काळ निभावते. परंतु भिंतीत चोरवाट कोठे आहे हे जाणणाराच दरवाजावर पहाऱ्यास बसला, तर त्याच्यावर लक्ष ठेवणारा कोणी उरत नाही. विकिपीडियासारख्या जगड्‌व्याळ उपक्रमानेही हा भेद उशिराने का होईना मान्य केला. तेथे पूर्वी प्रत्येक प्रचालकास, म्हणजे ॲडमिनला, साऱ्या वाचकांच्या पडद्यावर चालणारी आज्ञावली बदलण्याचा अधिकार असे. २०१८ साली तो काढून घेऊन निराळ्या, मोजक्या लोकांस देण्यात आला. त्यात प्रचालकांवर अविश्वास नव्हता. एखाद्याचा पासवर्ड चोरीस गेला, तर एका किल्लीने उघडणारी दारे जितकी कमी तितके बरे, एवढाच विचार.

प्रथम डेव्हलपरविषयी. त्याला पहिला प्रश्न विचारावयाचा तो संगणकाविषयी नाहीच. ‘आमच्या स्थळाचे नाव कोणाच्या नावाने नोंदविणार?’ असे विचारावे. स्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नसून वार्षिक शुल्क भरून राखावे लागते, आणि नोंदणीत ज्याचे नाव व ई-मेल तोच व्यवहारात त्याचा धनी. एका गावच्या संस्थेची हकिगत मला जवळून ठाऊक आहे. कोषाध्यक्षांच्या भाच्याने मोठ्या हौसेने, एक पैसाही न घेता, संस्थेचे स्थळ तयार केले. नोंदणी स्वतःच्या नावाने केली, कारण त्या दिवशी हाताशी त्याचेच कार्ड होते. पुढे त्यास नोकरी लागली, तो परदेशी गेला. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्या महाविद्यालयीन काळातल्या ई-मेलवर येत राहिली, जी तो उघडीतही नसे. मुदत टळली, सवलतीचे काही आठवडेही टळले, आणि ते नाव बाजारात जाऊन तिसऱ्यानेच उचलले. संस्थेच्या छापील पत्रांवर, लग्नपत्रिकांच्या खाली, फलकावर तेच नाव! सभासदांनी ते उघडले की पैजा लावण्याच्या जाहिराती दिसू लागल्या. भाच्याच्या मनात वाईट काही नव्हते, आणि मामांच्याही नव्हते. पण दोन वर्षे त्या दोन घरांचे येणेजाणे थांबले.

म्हणून उमेदवाराने ‘नोंदणी मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ई-मेलवर, मंडळाच्या खात्यातून, आणि अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरून’ असे आपण होऊन म्हटले, तर त्याच्या नावापुढे खूण करावी. ‘ते माझ्यावर सोडा, काळजी नको’ असे म्हणणारा मनुष्य स्वभावाने गोड असेल. त्यास चहा द्यावा आणि पुढचा उमेदवार बोलवावा.

दुसरा प्रश्न मी असा विचारीत आलो आहे: ‘आमच्या यादीत ज्ञानेश्वर हे नाव कोठे येईल?’ ऐकणाऱ्यास हा प्रश्न पोरकट वाटतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज’ला जोडलेला ‘ञ’, त्यामुळे ज्ञानेश्वर जकारात, जयवंताच्या आसपास जाऊन बसतो. आपण शाळेत मुळाक्षरे शिकलो ती ‘ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपतात, तेव्हा आपण त्यास अखेरीस शोधणार. कोशकारांनीही ‘ज्ञ’ जकारात घातलेला आढळतो. म्हणजे दोन्ही रीतींस आधार आहे. ‘ळ’ची गोष्ट याहून चमत्कारिक. युनिकोडच्या कोष्टकात तो ‘ल’च्या लगेच नंतर बसविला आहे, आणि मराठी मनुष्य त्यास ‘ह’च्या पुढे शोधतो. उत्तर कोणते हे महत्त्वाचे नाही. एका मुलाखतीत एक मुलगी क्षणभर थांबली आणि तिने मलाच विचारले, ‘तुमच्या छापील यादीत ते कोठे आहे? तुमचे वडीलधारे कोठे शोधतील?’ त्याच वेळी माझा निर्णय झाला. दुसऱ्या एका उमेदवाराने ‘प्रणाली आपोआप लावते’ असे उत्तर दिले. प्रणाली लावते खरीच, पण ती कोणासाठी लावते, हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता.

याच ओघात त्याच्याकडून ‘वऱ्हाडकर’, ‘ॲड.’ आणि ‘पाटील’ ही तीन अक्षरे-शब्द टंकून घ्यावेत. ‘पाटील’ शोधणाऱ्यास ‘पाटिल’ लिहिणारा सापडतो का, रोमन लिपीत आडनाव लिहिणाऱ्या परदेशस्थ नातवास देवनागरीत लिहिलेली आजी सापडते का, हेही पाहावे. आणखी एक गोष्ट आपल्या जुन्या स्मरणिकांची. मुद्रकांकडे त्यांतील कित्येकांचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये साठविलेला असतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तो उघडला तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा दिसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. पण जोडाक्षरे मोडतात, म्हणून ते माणसाने डोळ्यांखालून घालावे लागते. जो उमेदवार हे काम एका दिवसाचे म्हणून सांगेल त्याने ते कधी केलेले नाही.

तिसरा प्रश्न प्रतींचा, म्हणजे बॅकअपचा. ‘बॅकअप ठेवता का?’ असे विचारले तर सारेच होय म्हणतात, त्यामुळे तसे विचारणे व्यर्थ आहे. ‘शेवटचा बॅकअप तुम्ही परत उघडून केव्हा पाहिला?’ असे विचारावे. गिटलॅब नावाची कंपनी आहे. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळून ठेवणे हाच तिचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा तेथील एका अभियंत्याने, काम एका सर्व्हरवर करावयाचे असता, ते चुकून दुसऱ्यावर केले, आणि मुख्य साठ्यातील माहिती पुसण्याची आज्ञा देऊन बसला. लक्षात येऊन थांबवीपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. प्रती राखण्याच्या पाच निरनिराळ्या तऱ्हा कंपनीने योजिल्या होत्या. वेळेला त्यांतील एकही धडपणे उपयोगी पडली नाही; एक तर कित्येक दिवस चाललीच नव्हती आणि तसे कळविणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी काढलेली एक प्रत दैवयोगाने शिल्लक होती, तिच्यावर सारे सावरले. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या कंपनीचे मला कौतुक वाटते ते यासाठी की, तिने काही लपविले नाही. दुरुस्ती चालू असता ती जगासमोर थेट दाखविली, पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्या अभियंत्यास बळीचा बकरा केले नाही.

हा किस्सा उमेदवारास सांगून मग विचारावे, ‘तुमच्या हातून असे काय घडले, आणि पहिला फोन तुम्ही कोणास केला?’ ज्याच्या हातून कधीच काही घडले नाही त्याने फारसे काम केलेले नाही किंवा तो सरळ बोलत नाही. फोन कोणास केला हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा.

कौशल्याची परीक्षा तोंडी घेता येत नाही. आपले नाशिक याबाबतीत मागासलेले नाही. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, २०१४ पासूनच, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, त्यांच्या प्रेरणेने ‘कुंभथॉन’ येथे भरू लागले. गर्दी, आरोग्य, निवास, वाहतूक असे यात्रेतील खरेखुरे प्रश्न तरुणांपुढे ठेवून त्यांवर त्यांच्याकडून काम करविण्यात आले. आपणही तीच रीत लहान प्रमाणावर अवलंबावी. उमेदवारास जुन्या स्मरणिकेतील दहा पाने द्यावी, दोन दिवसांची मुदत द्यावी, आणि त्या कामाचे पैसे, निवड होवो अथवा न होवो, रोख द्यावे. फुकट परीक्षा घेण्याची जी खोड संस्थांस जडली आहे तिच्यामुळे चांगली मुले आपल्या दारात येत नाहीत. येथे नातेवाइकांचाही विचार करावा लागतो. आपल्याच समाजातील मुलास काम द्यावे ही भावना मी समजू शकतो, आणि तो पात्र असेल तर मला आनंदच आहे. पण तो समाजाचा म्हणून अर्ध्या पैशात किंवा फुकट राबावा, ही अपेक्षा वडील मंडळींनी सोडून द्यावी. फुकट काम करणाऱ्यास उशिराबद्दल जाब विचारता येत नाही, आणि तो सोडून गेला तर थांबविताही येत नाही.

आता ॲडमिनकडे वळू, आणि येथे मला अधिक वेळ लागेल, कारण आपली खरी परीक्षा येथेच आहे. डेव्हलपर चुकला तर पान उघडत नाही. ॲडमिन चुकला तर दोन घरांत वैर येते.

या पदासाठी सर्वांदेखत मुलाखत घेण्याचा एक मराठी पायंडा अस्तित्वात आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. तेथे चर्चेच्या पानास ‘चावडी’ म्हणतात, आणि प्रचालक नेमावयाचा तर ‘कौल’ लावतात. ज्यास प्रचालक व्हावयाचे त्याचे नाव सर्वांसमोर मांडले जाते. कोणीही सदस्य त्याला प्रश्न विचारू शकतो. पाठिंबा आणि विरोध कारणांसह लिहिला जातो. आणि हे सारे लेखन पुढेही वाचावयास मिळते. बंद खोलीत तीन माणसांनी ठरविले आणि वार्षिक सभेत टाळ्या घेतल्या, असा हा प्रकार नव्हे. लहान भाषांच्या विकिपीडियांवर, जेथे माणसे मोजकी, तेथे ही जबाबदारी पुष्कळदा ठराविक मुदतीपुरतीच देतात. मुदत संपली की पुन्हा लोकांपुढे यावे लागते. आपल्या मंडळाच्या घटनेत अध्यक्षास मुदत आहे, चिटणीसास मुदत आहे, मग ॲडमिन तहहयात का असावा?

इंग्रजी विकिपीडियावर दीर्घकाळ प्रत्येक उमेदवारास तीन ठरीव प्रश्न विचारीत असत. कोणते काम करू इच्छिता आणि आजवरचे तुमचे उत्तम काम कोणते, हे पहिले दोन अपेक्षितच आहेत. तिसऱ्याचा आशय असा: पूर्वी तुमचे कोणाशी भांडण झाले आहे काय, आणि त्या वेळी तुम्ही कसे वागलात? हा प्रश्न विचारणाऱ्यास जनरीत कळत होती. तेथे उत्तर बनवून देऊन चालत नाही, कारण जुने भांडण शब्दशः नोंदलेले असते आणि विचारणारे ते वाचून आलेले असतात. आपल्याकडे तशी नोंद नसेल, पण गावात विचारपूस करता येते. ज्या व्यक्तीने सोसायटीच्या पार्किंगचा तंटा, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा तंटा, अथवा भाऊबंदकीतला तंटा आवाज न चढविता मिटविला असेल, ती येथे चालेल. मला विचाराल तर अशा व्यक्ती पुष्कळदा स्त्रिया असतात, आणि निवड समितीत एकही भगिनी नाही ही उणीव आजच दूर करावी.

मुलाखतीत तिच्यापुढे, किंवा त्याच्यापुढे, कल्पित प्रसंग ठेवावेत. एक सांगतो. ठरलेले लग्न मोडले. मुलाकडील एका गृहस्थाने रात्री साडेअकरास चर्चेच्या पानावर मुलीविषयी चार ओळी लिहिल्या. नाव घेतलेले नाही, पण गाव आणि मुलीची नोकरी लिहिली आहे, म्हणजे साऱ्या समाजास समजले. मजकूर खरा की खोटा ठाऊक नाही. लिहिणारा मंडळाचा देणगीदार आहे. ॲडमिनने काय करावे? ‘अध्यक्षांस विचारीन’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण अध्यक्ष निजलेले असतात आणि सकाळपर्यंत त्या ओळींची छायाचित्रे सर्वत्र फिरलेली असतात. ‘लगेच पुसून टाकीन’ हेही अपुरे, कारण पुसलेल्या मजकुराची प्रत राखली नाही तर उद्या मुलीच्या वडिलांनी तक्रार करावयाचे ठरविले, तेव्हा पुरावा उरत नाही. मजकूर तत्काळ लोकांच्या दृष्टीआड करावा, त्याची प्रत वेळेसह राखावी, लिहिणाऱ्यास आणि मुलीच्या घरी त्याच रात्री दोन ओळींनी कळवावे, आणि मग सकाळी अध्यक्षांकडे जावे, असे उत्तर देणारा मनुष्य मला हवा. देणगीदार हा शब्द त्याने उत्तरात उच्चारलाच नाही, तर फारच उत्तम.

ॲडमिनवर दुसऱ्याच्या लिहिण्याचे पातक येते काय, ही भीती चांगल्या माणसांस या कामापासून दूर ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी व्हॉट्सॲपच्या गटासंबंधी असे म्हटले की, गटचालकाचा लिहिणाऱ्याशी समान हेतू वा पूर्वनियोजन नसेल, तर केवळ गट चालवितो म्हणून सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल त्यास दोषी धरता येणार नाही. कारण माणसे घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. आपल्या स्थळावर मात्र ॲडमिनच्या हाती याहून अधिक असणार. मजकूर झाकणे, पुसणे, बदलणे हे सारे त्याला करता येईल. अधिकार वाढला की उत्तरदायित्व वाढते, हे त्यास आधी सांगावे आणि मंडळाच्या वकिलांकडून तशी लेखी कल्पना द्यावी.

त्याच अधिकाराची दुसरी बाजू मला विशेष बोचते. ॲडमिनला सर्व कुटुंबांची माहिती दिसणार. त्याच्या मेहुणीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. समोरच्या मुलाचा पगार, पत्रिका, पूर्वी कोणाकोणाशी बोलणे झाले हे सारे एका बोटाच्या अंतरावर आहे. ते पाहण्यासाठी त्याने दुष्ट असण्याची गरज नाही, तो केवळ चांगला भावजी असला तरी पुरे. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. डेव्हलपरकडून अशी योजना करून घ्यावी की, कोणी कोणाचे पान केव्हा उघडले याची नोंद आपोआप व्हावी, ती नोंद ॲडमिनला पुसता येऊ नये, आणि ज्याचे पान त्याला ती पाहता यावी. मुलाखतीत ही योजना सांगून उमेदवाराच्या चेहऱ्याकडे पाहावे. प्रामाणिक माणसास ही नोंद आपले संरक्षण वाटते.

वधूवर-विभागाविषयी थोडे कायद्याचे. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: नाव नोंदविणाऱ्याची ओळख कागदपत्रांवरून पटवून घ्यावी, स्थळ केवळ विवाहासाठी आहे असे स्पष्ट लिहावे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची त्याचे नाव प्रसिद्ध करावे. पुढे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेविली आहे. संमती कशासाठी ते सांगून घ्यावी, दिलेली संमती तितक्याच सुलभतेने परत घेता यावी, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांची खात्रीलायक संमती असावी, हे त्याचे सार. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपण दर वर्षी दहावीच्या गुणवंतांची छायाचित्रे, शाळा, गुण आणि पालकांचा पत्ता मोठ्या अभिमानाने छापतो. छापील स्मरणिका चारशे घरांच्या कपाटात राहते, तीच पाने संकेतस्थळावर चढविली की जगातील कोणासही दिसतात. उमेदवारापुढे मागील स्मरणिकेचे ते पान ठेवून ‘हे जसेच्या तसे चढवा’ असे समितीने सांगून पाहावे. ‘पत्ते काढू या, आणि पालकांस विचारू या’ असे जो म्हणेल, त्याला कायद्याचे कलम ठाऊक नसले तरी चालेल.

आणखी एक सूचना, थोडक्यात. मुख्य किल्ल्या एकाच्या हाती असू नयेत. बँकेच्या लॉकरास दोन किल्ल्या लागतात, हे आपणांस ठाऊक आहे. डोमेनचा, सर्व्हरचा आणि मुख्य ई-मेलचा पासवर्ड लिहून, पाकिटे मोहोरबंद करून, चिटणीस व एक विश्वस्त यांच्याकडे असावीत, आणि दर वार्षिक सभेस ती बदलली गेल्याचे निवेदन व्हावे. नेमणूकपत्र देतानाच काम परत कसे सोपवावयाचे याचा कागद करावा: तीस दिवसांची सूचना, संपूर्ण माहितीची प्रत, वापरातल्या आज्ञावलीची प्रत, आणि नव्या माणसाबरोबर आठ दिवस बसणे. सासरी जाणाऱ्या मुलीच्या दागिन्यांची यादी आपण दोन्हीकडच्या सह्यांनी करतोच की नाही? त्यात कोणी अपमान मानीत नाही.

शेवटी, उमेदवारांनीही आपणांस प्रश्न विचारावेत, आणि समितीने त्यासाठी निदान पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. एका मुलाखतीच्या अखेरीस एका तरुणाने विचारले होते, ‘तुमच्यापैकी कोणी मला फोन करून आपल्या भावाविरुद्धचा मजकूर काढावयास सांगितला, आणि मी नाही म्हटले, तर माझ्या पाठीशी कोण उभे राहील?’ टेबलाभोवतीचे आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. त्या संस्थेने मग मुलाखती तेथेच थांबवून आठ दिवसांनी विशेष सभा घेतली आणि मजकूर काढण्याचे नियम लेखी केले; त्यानंतर त्याच तरुणास बोलावून काम दिले. आपल्या समितीनेही हा कागद मुलाखतींपूर्वीच तयार करावा, म्हणजे उमेदवारास आठ दिवस ताटकळत ठेवावे लागणार नाही. त्याचा कच्चा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. संमेलनास आलेल्या मंडळींनी, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा लग्नाची मुले-मुली आहेत त्यांनी, तो वाचून आपल्या दुरुस्त्या महिनाअखेर कळवाव्यात.